पीजीच्या खोलीसाठी अ‍ॅम्प घ्यायचाय? आधी तो हळू वाजवून बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घ्यायचाय. माटुंग्याला पीजीत राहतोस, दहा बाय बाराची खोली, तिघं जण. एका रूममेटची सीएची परीक्षा तोंडावर आलीय. पलीकडच्या खोलीत घरमालकीण काकू, आणि मधली भिंत म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन. गिटार इलेक्ट्रिक, फेंडरच्या स्ट्रॅटच्या घाटाची, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारेची थरथर टिपणारं चुंबकाचं वेटोळं). खिशात बारा हजार. आणि दुकानदार म्हणतो, "चाळीस वॉटचा घे, उद्या कॉलेजच्या फेस्टला उपयोगी पडेल." घेऊ का?

नको घेऊस.

गेली पंचवीसेक वर्षं मी दिवसा अ‍ॅम्प उघडून दुरुस्त करतो आणि संध्याकाळी मुलांना गिटार शिकवतो. माझ्याकडे विद्यार्थ्यांचे जे अ‍ॅम्प येतात, त्यांत जळालेले फार थोडे असतात. बहुतेक नुसते पडून राहून बिघडलेले. मोठा घेतला, दोनदा लावला, शेजाऱ्यांनी दार वाजवलं, अ‍ॅम्प कॉटखाली गेला, दोन पावसाळ्यांत जॅक गंजले. आणि तेवढ्या काळात पोराची गिटारही सुटलेली असते, ते वेगळंच. म्हणून अ‍ॅम्प मोठ्यात मोठा किती वाजतो हा तुझ्या कामाचा प्रश्नच नाही. तो सगळ्यात हळू ठेवल्यावर ऐकवतो का, एवढंच तू बघायचंस. दुकानात हे कोणी तपासत नाही. तिथे सगळे नॉब उजवीकडे फिरवतात.

आधी वॉटचा हिशेब समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला "हां, आता दुप्पट झाला" असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तेव्हा दहा वॉटचा आणि चाळीस वॉटचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात लावले तरी फरक ६ डेसिबलचा. आता उलटीकडून बघ. बारा इंची चांगला गिटार स्पीकर एक वॉट दिल्यावर एक मीटरवर सुमारे ९८ डेसिबल आवाज काढतो. आपण समोरासमोर बसून बोलतो तो आवाज साठच्या आसपास असतो. म्हणजे तुझ्या खोलीत, रूममेटने उशी फेकून मारू नये इतपत आवाजात वाजवताना, अशा स्पीकरला एका वॉटचा हजारावा भाग पुरतो. छोटा चार-पाच इंची स्पीकर इतका तरबेज नसतो, त्याला शंभरावा भाग लागेल. तीन वॉटचा इवलासा अ‍ॅम्पसुद्धा तुझ्या गरजेच्या कितीतरी पट पुढे आहे. जोरात तार छेडली की क्षणभर उसळी येते, तिच्यासाठी पदरी थोडं जास्त असावं हे खरं. पण चाळीस वॉट म्हणजे डासाला तोफ.

कायद्याचंही कानावर घालून ठेवतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्या भोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र असेल तर ती ५० आणि ४० वर येते. माटुंग्यात दर दोन गल्ल्यांमागे एक शाळा नाहीतर कॉलेज आहे, तेव्हा तुझी इमारत अशा पट्ट्यात असू शकते. अर्थात पोलिसांपर्यंत गोष्ट जाण्याआधी काकूंपर्यंत जाते, आणि काकूंचं मोजमाप डेसिबलमध्ये नसतं.

माझीच गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी गिरगावात चाळीत राहायचो. एक वादक परदेशी चालला होता, त्याच्याकडून पंधरा वॉटचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा, जुन्या पद्धतीचा) अ‍ॅम्प घेतला. तेव्हा माझ्या दोन महिन्यांच्या शिकवण्या त्यात गेल्या. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा जो गोड, फाटका आवाज रेकॉर्डवर ऐकू येतो, त्यातला बराचसा पॉवर व्हॉल्व्हवर ताण आल्यावरच निघतो. म्हणजे नॉब अर्ध्याच्या वर गेला पाहिजे. मी तो एकदा अर्ध्यावर नेला. गॅलरीतून एक आजोबा आले, शांतपणे म्हणाले, "बाळा, गणपतीत लाव. तेव्हा आम्हीही लावतो." त्यानंतर तो अ‍ॅम्प मी वर्षभर नॉब एकवर ठेवून वाजवला, आणि एकवर तो अगदी मेल्यासारखा वाजायचा. शिवाय मे महिन्यात खोलीत शेगडी पेटवल्यासारखी उष्णता. शेवटी आलेल्या किमतीला विकला. म्हणून "पाचच वॉटचा व्हॉल्व्ह आहे, छोटाच आहे" असं कोणी सांगितलं तर भुलू नकोस. पाच वॉट व्हॉल्व्ह पीजीत खूप झाले. आणि कधी कोणाचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प हाताळायची वेळ आलीच, तर स्पीकरची वायर काढून तो चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. या एका चुकीपायी माझ्या टेबलावर बरेच अ‍ॅम्प आलेत.

मग हळू आवाजात काही अ‍ॅम्प मेल्यासारखे का वाजतात? निम्मा दोष अ‍ॅम्पचा, निम्मा आपल्या कानाचा. अमेरिकेत बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं: आवाज हळू झाला की खर्जातला आणि अगदी वरचा भाग आपल्याला मधल्या भागापेक्षा जास्त कमी ऐकू येतो. दुकानात जोरात छान भरदार वाटलेला सूर खोलीत आणून हळू केला की डब्यात बसल्यासारखा वाटतो, तो यामुळे. उलटंही होतं. खोलीत हळू वाजवताना बेस वाढवून गोड करून घेतलेला सूर स्टेजवर नुसता घुमतो. तेव्हा घरचं सेटिंग आणि बाहेरचं सेटिंग वेगळं असतं, हे आत्ताच मनात बसव.

दुसरी गोष्ट नॉबची. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्यूमचा नॉब शून्यावरून जरा हलवला की एकदम उडी मारतो. शून्यावर शांतता, एकावर काकू दारात, आणि मध्ये काहीच नाही. तुझा सगळा संसार त्या शून्य ते एकच्या मध्ये आहे! म्हणून गेन आणि मास्टर असे दोन वेगळे नॉब असलेला अ‍ॅम्प घे. गेनने सूर किती फाटायचा ते ठरतं, मास्टरने खोलीत किती आवाज जायचा ते. मास्टर खाली ठेवून गेन वर नेता आला, तर रात्री साडेनऊलाही रॉकचा रियाज करता येतो.

हे ओळखून कंपन्यांनी खोलीत वाजवायचेच अ‍ॅम्प बनवले. यामाहाने २०११ साली टीएचआर मालिका काढली, दिसायला जुन्या रेडिओसारखी. तिच्यातल्या टीएचआर १० टूमध्ये आठ-आठ सेंटिमीटरचे दोन स्पीकर आहेत आणि कुजबुजीच्या आवाजातही तो भरीव वाजतो. माझ्या मते खोलीसाठी याहून चांगलं यंत्र अजून हाताखालून गेलं नाही, पण ते तुझ्या बारा हजारांत बसत नाही. बॉसच्या कटाना ५० मध्ये अर्धा, पंचवीस आणि पन्नास वॉट असं बटण आहे. अर्ध्या वॉटवर तो बराच सुसह्य होतो, पण वजन अकरा-बारा किलो. दादरच्या पुलावर संध्याकाळी साडेसहाला एका खांद्यावर गिटार आणि दुसऱ्या हातात हे, अशी कल्पना कर. मी केलंय. परत करणार नाही.

तुझ्या पैशांत (नवा नाही तर जुना) आणि तुझ्या खोलीत बसतील असे माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते रोलँडचा मायक्रो क्यूब जीएक्स आणि बॉसचा कटाना मिनी. मायक्रो क्यूब तीन वॉटचा, पाच इंची स्पीकर, वजन तीन किलोच्या आत, सहा पेन्सिल सेलवर चालतो, आत ट्यूनर आहे, निरनिराळ्या अ‍ॅम्पच्या नकला आहेत, रिव्हर्ब-डिले (घुमारा आणि प्रतिध्वनी) आहे. हे क्यूब मी दहा-दहा वर्षं चाललेले पाहिलेत. बाइकवरून पडलेलाही एक आला होता, कोपरा उडाला होता, वाजत मात्र होता. कटाना मिनी सात वॉटचा, चार इंची स्पीकर, त्याचा फाटका सूर जास्त रांगडा. पण इफेक्ट म्हणाल तर एक डिले. फेंडरचा फ्रंटमन १०जी दोघांपेक्षा साधा. दहा वॉट, सहा इंची स्पीकर, हेडफोनला आणि मोबाइलची गाणी लावायला जागा. स्वच्छ सूर छान, ओव्हरड्राइव्ह (फाटका सूर) माश्या घोंगावल्यासारखा, रिव्हर्ब नाही. नुसतं स्वच्छ वाजवणार असशील तर तो पुरे. भाव मुद्दाम देत नाही, ते महिन्यागणिक हलतात आणि घासाघीस तुझी तू करशील.

पोरांना हल्ली चार्जिंगवर चालणारे, मोबाइल अ‍ॅपवर हजारो सूर देणारे छोटे अ‍ॅम्प आवडतात, पॉझिटिव्ह ग्रिडच्या स्पार्क गो सारखे. यंत्र वाईट नाही. माझी तक्रार एकच आहे: विद्यार्थी रियाजाला बसतो आणि पाऊण तास सूर शोधत मोबाइलमध्ये डोकं घालून राहतो. तुला स्वतःवर ताबा असेल तर घे.

आता हेडफोन. खरं सांगायचं तर तुझ्या खोलीत अ‍ॅम्पचा स्पीकर दिवसातून तासभर वाजला तरी भाग्य समज. बाकी सगळा रियाज हेडफोनवरच होणार. म्हणून हेडफोनचं भोक नसलेला अ‍ॅम्प कितीही स्वस्त असला तरी बघूसुद्धा नकोस. हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप बंद होतो ना, आणि आवाज दोन्ही कानांत येतो ना, हे दुकानातच तपास. काही साध्या अ‍ॅम्पमध्ये तो एकाच कानात येतो, मग वेगळा कन्व्हर्टर लागतो.

हेडफोन वायरचाच घ्यायचा. ब्लूटूथचा चालणार नाही, आणि का ते नीट समजून घे, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. ब्लूटूथवर आवाज साधारण दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. गाणी ऐकताना काही बिघडत नाही. वाजवताना मात्र बिघडतं. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे दोनशे मिलिसेकंदांत अडुसष्ट मीटर. तू लोकलच्या एका डब्यात बसून तार छेडलीस आणि अ‍ॅम्प तीन डबे पलीकडे ठेवला, असा तो प्रकार. ताल धरताच येत नाही, आणि वाईट म्हणजे हात हळूहळू त्या उशिराशी जुळवून घ्यायला लागतो. अ‍ॅम्पमध्ये ब्लूटूथ असेल तर त्याचा उपयोग मोबाइलवरचं गाणं आत घेऊन त्याच्यासोबत वाजवायला, बस्स.

हेडफोन बंद कपांचा बघ. उघड्या जाळीचे ऐकायला छान, पण मध्यरात्री रूममेटला त्यातून टिकटिक ऐकू येते. घाम येईल, त्याला इलाज नाही. कानाची काळजी मात्र मनावर घे. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, शंभरला पाव तास. हेडफोनवर शंभर गाठायला नॉब फार लांब न्यावा लागत नाही. रियाज संपल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत असेल तर तू मर्यादा ओलांडलीस.

हेडफोनचा एक तोटा शिक्षक म्हणून सांगतो. रिव्हर्ब लावून हेडफोनवर सगळेच बरे वाजवतात. न दाबलेली तार मागे गुणगुणत असते, तार छेडायचं पिक अडखळतं, ते त्या धुक्यात झाकलं जातं. म्हणून रोजची पहिली पंधरा मिनिटं अ‍ॅम्पच लावू नकोस. इलेक्ट्रिक गिटार नुसती कोरडी वाजव. ती ऐकू येते, रूममेटला त्रास होत नाही, आणि डाव्या हाताच्या चुका उघड्या पडतात.

कोणी म्हणेल, मग अ‍ॅम्प घ्यावाच कशाला? गिटारच्या जॅकमध्येच खोचायचे हेडफोन अ‍ॅम्प मिळतात: व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग, फेंडरचा मस्टँग मायक्रो, बॉसचा कटाना गो. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे. तुझी परिस्थिती बघता हा पर्याय मी मनापासून सुचवला असता. पण काकू दुपारी कीर्तनाला जातात आणि तास-दीड तास घर रिकामं असतं, असं तूच लिहिलंयस. हवेतून आलेला आवाज ऐकत वाजवणं ही वेगळी सवय आहे, ती लागायला हवी. तेवढ्यासाठी छोटा स्पीकर असावा.

लॅपटॉपचाही रस्ता आहे. ऑडिओ इंटरफेस नावाची डबी घ्यायची, तिच्या 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेल्या भोकात गिटार, आणि अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे तर फुकट आहे. सॉफ्टवेअरमधला बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) १२८ ठेवलास तर त्यापायी होणारा उशीर ३ मिलिसेकंदांच्या आसपास, कळतही नाही. रेकॉर्डिंगची हौस असेल तर हा रस्ता सोन्यासारखा. पण गिटार थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नकोस. गिटारच्या पिकअपला समोर दहा लाख ओहमच्या घरातला रोध असलेला इनपुट लागतो. माइकचा त्यामानाने फारच कमी असतो आणि वरचे सगळे सूर गिळून टाकतो. चिखलात वाजवल्यासारखं होतं.

रूममेटच्या ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्सला (बाहेरचा आवाज घ्यायच्या भोकाला) गिटार लावू का, असंही विचारलंयस. तिथेही हीच अडचण, आणि आणखी एक. गिटारचा स्पीकर हा नुसता स्पीकर नसतो, तो गाळणी असतो. पाच हजार हर्ट्झच्या वर तो फारसं काही बाहेर सोडत नाही. फाटक्या सुरातला करकरीतपणा तिथेच अडतो. गाण्याच्या स्पीकरला ही गाळणी नाही. त्यातून ओव्हरड्राइव्ह ऐकलास तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा वाटेल.

आता विजेकडे येतो, कारण सिंगल कॉइल गिटार घेऊन मुंबईतल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्याला हे भोगावंच लागतं. नवा अ‍ॅम्प आणला, लावला, आणि घूं… सुरू झालं की अ‍ॅम्प खराब समजून दुकानात धावू नकोस. आधी पंखा बघ. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज कापून कापून पंख्याला देतो आणि तो खरखराट तुझे पिकअप टिपतात. पंखा पूर्ण जोरात केला किंवा बंद केला आणि खरखर गेली, तर चोर सापडला. जुन्या चोकची ट्यूबलाइटही तेच करते. मग गिटार घेऊन खुर्चीवर गोल फिरून बघ. एका दिशेला आवाज कमी होतो, तिकडे तोंड करून बसायचं. लॅपटॉपवरून गाणं घेताना चार्जर लावलेला असेल तर बारीक शिट्टी येते, चार्जर काढला की जाते. तुझ्या गिटारला पाच पोझिशनचा स्विच असेल, तर दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप मिळून बहुतेक गिटारींत हा घूं बराच मरतो.

तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी होणं ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी उलट जोडल्यात, दहा मिनिटांचं काम आहे. पण तारेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तिथल्या तिथे प्लग काढायचा आणि त्या सॉकेटची अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय परत लावायचा नाही. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या भोकात बसवायला मधली पिन कापणारे महाभाग मी पाहिलेत. ती पिन जिवासाठी असते. तुझ्या इमारतीच्या वायरिंगची खात्री नसेल, तर सेलवर चालणारा अ‍ॅम्प घ्यायला हे आणखी एक कारण.

अ‍ॅडॉप्टरचंही ऐक. अ‍ॅडॉप्टर हरवला की पोरं वायफायच्या राउटरचा लावतात. बॉससारख्या गिटारच्या सामानाला ९ व्होल्ट आणि पिनचा मधला खांब निगेटिव्ह लागतो. राउटरचा बहुधा १२ व्होल्ट आणि मधला पॉझिटिव्ह. पिन छान बसते आणि अ‍ॅम्प गार होतो. अ‍ॅम्पवर आणि अ‍ॅडॉप्टरवर वर्तुळाची खूण छापलेली असते, ती जुळवून घ्यायची. नवा हवा असेल तर अ‍ॅम्प बरोबर घेऊन इलेक्ट्रॉनिक सामानाच्या लॅमिंग्टन रोडला जा. आणि चोर बाजारात किंवा परदेशातून आलेल्या कोणाकडे स्वस्तात अ‍ॅम्प मिळाला, तर मागची पट्टी वाच. १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर तो एका क्षणात जातो. नुसती पिन बदलून भागत नाही.

अ‍ॅम्प आणल्यावर ठेवायचा कुठे, यात अर्धी लढाई आहे. सगळे जमिनीवर ठेवतात. जमिनीवर ठेवला की खर्ज लादीतून खालच्या मजल्यावर जातो, कोपऱ्यात ठेवला की आणखी फुगतो. शिवाय स्पीकरचे वरचे सूर सरळ समोर जातात. तुझ्या घोट्यांवर आदळून ते समोरच्या कॉटवर बसलेल्या रूममेटच्या कानात शिरतात. तुला मंद वाटतं म्हणून तू वाढवतोस, त्याचं डोकं उठतं. म्हणून अ‍ॅम्प स्टुलावर, कानाच्या उंचीला, हातभर अंतरावर, खाली चटईची घडी. आणि हिशेब बघ: अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. दहाचे चाळीस वॉट करून मिळणार होता तेवढाच. दुकानदाराचे जादा तीस वॉट तुला स्टुलावर फुकट मिळाले.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचे मनात असेल तर सोड. त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, पलीकडे जाणारा आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजनदार, फटी नसलेली भिंत लागते, आणि प्लायवूडच्या पार्टिशनला वर दोन इंचांची फट असणार. ट्रेमुळे काकूंना झुरळं मात्र मिळतील.

पावसाळ्यात अ‍ॅम्प बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायचा नाही. आठवड्यातून दोनदा तरी चालू करायचा, नॉब सगळे इकडून तिकडे फिरवायचे. महिनाभर वाजवणार नसशील तर सेल काढून ठेव. फुटलेल्या सेलने खाल्लेले स्प्रिंग बदलणं हे जूननंतरचं माझं ठरलेलं काम.

आणि ते फेस्टचं. कॉलेजच्या स्टेजवर अ‍ॅम्प आयोजकांचे असतात. नाहीतर तुझ्या छोट्या अ‍ॅम्पसमोर माइक लावून आवाज मोठ्या स्पीकरवर जातो. जॅम रूममध्येही अ‍ॅम्प तिथलाच. बऱ्याच ठिकाणी रोलँडचा जेसी-१२० दिसेल, १९७५ पासून चालत आलेला. बँड जमेल तेव्हा तासाचे पैसे भरून त्याच्यावर वाजव. चाळीस वॉटचा स्वतःचा अ‍ॅम्प खांद्यावर घेऊन कोणी फेस्टला जात नाही.

दुकानात कसं तपासायचं? धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत किंवा जिथे जाशील तिथे, शनिवारी संध्याकाळी जाऊ नकोस. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा. दुकानात शेजारी कोणी ड्रम बडवत असेल तर हळू आवाज कसा कळणार? गिटार आपली न्यायची, केबल आपली, हेडफोन आपले. दुकानदार भिंतीवरची लाखाची गिटार काढून लावेल, त्यावर सगळंच गोड वाजतं. सगळे टोन नॉब मध्यावर ठेव. व्हॉल्यूम इतका कमी कर की वाजवता वाजवता दुकानदाराशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल. त्या आवाजात खालची जाड तार नुसती धप् वाजते की तिचा स्वर कळतो? कॉर्ड (अनेक तारा एकदम) वाजवलास तर सगळ्या तारा वेगळ्या ऐकू येतात का? हात उचलल्यावर मागे किती फुसफुस उरते? मग व्हॉल्यूम शून्यापासून अगदी सावकाश वर ने आणि उडी कुठे मारतो ते बघ. शेवटी हेडफोन लावून हेच परत. पंधरा मिनिटं लागतील, दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

या सगळ्यातून माझं मत मायक्रो क्यूबकडे झुकतं. जुना, चांगल्या अवस्थेतला मिळाला तर उरलेल्या पैशांत बंद कपांचा हेडफोन आणि एक बरी केबल येईल. जुना घेताना सेलचा कप्पा उघडून गंज बघ, जॅकमध्ये पिन घालून हलव, खर्रर्र आवाज आला तर किंमत पाड.

आणल्यावर पहिल्याच दिवशी एक काम कर. काकूंची परवानगी घेऊन त्यांच्या खोलीत जाऊन उभा राहा, दार लोटून घे, आणि रूममेटला गिटार छेडायला सांग. काय वाजवतो त्याला महत्त्व नाही, जाड तार मात्र वाजवायला हवी, कारण प्लायवूडमधून तीच आधी येते. काकू "एवढं चालेल" म्हणतील तिथे मास्टरच्या नॉबसमोर व्हाइटनरचा बारीक ठिपका दे. टोनच्या नॉबलाही एक दे (वेगळा बेसचा नॉब असेल तर त्याला), नाहीतर मास्टर ठिपक्यावर ठेवून तू खर्ज वाढवशील. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर जो अ‍ॅम्प असतो त्यालाही असे दोन ठिपके आहेत, कारण वरच्या मजल्यावर दुपारी एक बाळ झोपतं.